हस्ते कोण?

आमच्या घराची पट्टी अकरा वर्षं थकली ती पैसे नव्हते म्हणून नव्हे. भरायला तीन माणसं एका पायावर तयार होती, म्हणून थकली. हे मी कोणाला सांगितलं की तो हसतो. आता मीही हसते. पण त्या दिवशी कोणी हसलं असतं, तर मी त्याला पंचायतीच्या पायरीवरून खाली ढकलला असता.

दाभोळच्या अलीकडे, खाडीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. घर सासऱ्यांनी बांधलेलं, जांभ्याचं. सासरे धोंडू भिकू तांबे मुंबईला गोदीत होते. निवृत्तीला मिळालेला फंड त्यांनी सगळा या भिंतींत घातला आणि पुढे बारा पावसाळे बघून ते गेले. मागे तीन मुलं. थोरला अमरदीप, माझा नवरा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. मधला राकेश, जर्मनीत श्टुटगार्ट नावाच्या गावात इंजिनिअर. धाकटी मनाली, वसईला दिलेली, तिथेच बँकेत नोकरीला.

सासऱ्यांच्या मागचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्या दुपारी पाहुणे जेवून भिंतीला टेकले होते, तेव्हा चुलत सासरे आत्मारामकाका सुपारी कातरता कातरता बोलून गेले, "पोरांनो, एक ध्यानात ठेवा. पट्टीच्या पावतीवर नाव कोणाचं लागतं त्याच्यावर नजर असू द्या. आज पावती, उद्या घर."

पट्टीच्या पावतीवर वर घरमालकाचं नाव असतं आणि खाली "हस्ते" म्हणून एक रेघ असते. पैसे ज्याने आणून दिले त्याचं नाव त्या रेघेवर येतं. बस, एवढंच. पण काका सुपारी तोंडात टाकून निघून गेले आणि माझ्या घरातली तिन्ही भावंडं एकमेकांकडे अशी बघायला लागली, जशी तिघांत मिळून एकच सुरमईची तुकडी वाढलीय. शेवटी बाबांच्या फोटोसमोर शब्द दिले-घेतले गेले. एकट्याने कोणी पट्टी भरायची नाही. तिघं जमू तेव्हा तिघं मिळून भरू.

त्यानंतर तिघं एका वेळी कधी जमलेच नाहीत. राकेश डिसेंबरात यायचा तर मनालीला रजा नसायची. मनाली मे महिन्यात यायची तर राकेश तिकडे. दोघं आलीच कधी, तर माझा नवरा डेपोत अडकलेला. आणि मार्च आला की पंचायतीची नोटीस यायची: श्री. धोंडू भिकू तांबे यांनी सात दिवसांच्या आत समक्ष हजर राहून थकबाकी भरावी. सासरे खरंच समक्ष हजर झाले असते, तर पंचायतीच्या कचेरीत माणूस उरला नसता.

ग्रामसेवकांना सगळा गाव भाऊसाहेब म्हणतो. त्यांनी दरवर्षी समजावलं, "अहो, हस्ते कोणीही असू दे. शिपाई बाबल्याने आणून दिले तरी बाबल्याचं नाव लागेल, म्हणून काय घर बाबल्याचं होतं?" माझ्या नवऱ्याने ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन मला म्हणाला, "सरकारी माणूस हाय. तो असाच बोलणार."

राकेशचं मला जास्त नवल वाटायचं. हा माणूस तिकडे इतक्या पट्ट्या भरतो की ऐकून दम लागावा. पगारावर वेगळी, कचऱ्याची वेगळी. घरात टीव्ही नाही तरी टीव्हीची भरतो. त्याचा एक कुत्रा आहे, ब्रुनो. त्या कुत्र्याची नगरपालिका वर्षाला पट्टी घेते! मी म्हटलं, "कुत्र्याची? कुत्र्याला नळ दिलाय काय त्यांनी?" तर मोठ्या अभिमानाने म्हणाला, "वहिनी, इथे सगळं वेळेवर भरावं लागतं. एक दिवस उशीर चालत नाही." कुत्र्याची पट्टी वेळेवर आणि बापाच्या घराची अकरा वर्षं तशीच. हिशोब करून बघितला तर आमची सगळी थकबाकी म्हणजे ब्रुनोची जेमतेम दीड वर्षाची पट्टी.

तरी मी कधी मध्ये पडले नाही. तिघं वारसदार, तिघांचं घर, आपण कोण? असं मीच मला समजावत होते. माझं घोडं अडलं ते निवडणुकीत.

आमच्या वरच्या आळीला पाणी दिवसाआड येतं, तेही करंगळीएवढं. वॉल्व सोडायचा कधी आणि किती, हे पंचायतीत ठरतं, आणि पंचायतीत वरच्या आळीचं माणूस कधी बसलेलंच नाही. या वेळी आमच्या प्रभागाची जागा आमच्या समाजातल्या बाईसाठी राखीव झाली. बचत गटाच्या बैठकीत सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "आम्रपाली, तू उभी ऱ्हा." मी वरवर नको नको म्हटलं, पण मला फार बरं वाटलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मला कोणी कशासाठी निवडलं नव्हतं. त्या दिवशी मी भात करपवला आणि त्याचं मला काहीही वाटलं नाही.

अर्जाला सतरा कागद लागतात. सोळा मी जमवले. सतरावा, घरची थकबाकी नसल्याचा पंचायतीचा दाखला. भाऊसाहेब म्हणाले, "पट्टी भरा, दाखला घ्या. नाहीतर छाननीत अर्ज उडेल."

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "करू गो." राकेशला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, तुझ्यासाठी आत्ता पाठवतो, पण नाव माझं लागेल ना?" मनालीला फोन केला. ती म्हणाली, "दादाला भरू देऊ नको हां, आधी मला विचार." असे दिवस गेले आणि अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी तीनपर्यंत दापोलीला तहसील कचेरीत अर्ज द्यायचा. मी सकाळीच इस्त्रीची साडी नेसले, फाईल काखेत मारली आणि नवऱ्याला म्हटलं, "चला पंचायतीत."

"आज ड्युटी हाय माझी."

"मग मी एकटीच जाऊन भरून येते."

तो ड्युटी विसरला.

भाऊसाहेबांच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून मी मोबाइल उभा केला. एका चौकोनात राकेश आला, अर्ध्या गालाला साबण, मागे स्वयंपाकघर आणि ब्रुनोचं शेपूट. दुसऱ्या चौकोनात मनाली, बँकेच्या खिडकीत बसलेली. म्हणजे अकरा वर्षांनी तिघं एकत्र जमले होते. मला वाटलं, सुटले.

"भिंतीवर तो पैसे भरायचा कोड लावलाय ना? दाखवा मला," राकेश म्हणाला. "मी स्कॅन करतो. एका मिनिटात विषय संपतो."

माझा नवरा खुर्चीवरून ताडकन उठला, भिंतीपाशी गेला आणि त्या कोडवर पंजा ठेवून उभा राहिला.

"दादा, हात काढ."

"नाय काढणार. तू तिकडून भरशील नि हस्ते राकेश तांबे लागंल. मी काय इकडे माश्या मारतोय?"

"माझ्याकडे पैसे आहेत, मी भरतो म्हणतोय, यात तुझं काय जातं?"

"घर जातं!"

"तुम्ही दोघं भांडा," मनाली म्हणाली, "मी मुलगी म्हणून माझं नाव कुठेच नको, असंच ना? ... एक मिनिट हां काका, पासबुक त्या मशीनमध्ये घाला, उलटं नको, सुलटं ... हां दादा, बोल."

भाऊसाहेब गरीब माणूस. त्यांनी तोडगा काढला. "हे बघा, पट्टीत चार बाबी असतात. घरपट्टी, पाणीपट्टी, आरोग्य, दिवाबत्ती. एकेक जण एकेक बाब घ्या, मी वेगळ्या पावत्या फाडतो."

तिघांनाही घरपट्टी हवी होती. पाणीपट्टीला मनाली कशीबशी तयार झाली, विहिरीवर तरी हक्क राहील म्हणून. दिवाबत्तीला कोणी हात लावेना. "दिवाबत्ती भरून मला काय मिळणार, खांब?" राकेश म्हणाला. "आणि आपल्या पाखाडीच्या पायऱ्यांवर दिवा आहे कुठे?"

मग भाऊसाहेब म्हणाले, "बरं, वर्षं वाटून घ्या." अकरा वर्षं, तीन माणसं. प्रत्येकी तीन आणि दोन उरली. उरलेल्या दोन वर्षांवर जे काही झालं ते मी लिहीत नाही, भाऊसाहेबांच्या वाचनात येईल. त्यातही कोणाला कुठली तीन हा प्रश्न होताच. अलीकडचं वर्ष सगळ्यांना हवं, कारण ताजी पावती जास्त पक्की. पहिलं वर्षही सगळ्यांना हवं, कारण त्या वर्षी बाबा गेले. मधली वर्षं कोणाला नकोत. कोरोनाचं साल तर फुकट दिलं तरी कोणी घेईना.

माझी नजर घड्याळावर. इथून दापोलीला मोटरसायकलने तास लागतो, रस्त्याचं काम चालू असेल तर सव्वा. भाऊसाहेबांनी डबा टेबलावर काढून ठेवला होता, आणि एकदा का ते जेवायला उठले की माझी निवडणूक उठली.

"राकेश," मी म्हटलं, "तू तरी शाणा हो. तुला तिकडे सगळं हाय. एका पावतीसाठी का जीव टाकतोस?"

त्याने वस्तरा खाली ठेवला. साबण गालावरच वाळला होता. आणि मग तो जे बोलायला लागला ते त्याच्या नेहमीच्या पुस्तकी भाषेत नव्हतं. दहावीत असताना, शाळेतून येऊन माझ्याकडे भाकरी मागताना बोलायचा, तसा बोलला.

"वहिनी, काय हाय गो मला हिकडं? चौदा वर्षं झाली. अजून शेजारीण विचारते, तुमी परत कधी जाणार? नि गावाला आलो की पाखाडीवर पोरं विचारतात, काका, कोणाकडं आलाव? माझ्याच पाखाडीवर! मी मोबाइलवर नकाशा उघडून वरनं आपलं छप्पर बघतो. रोज बघतो. दादाचं नाव लागलं, तर मग मी पाव्हणाच. कायमचा."

ब्रुनो मागे एकदा भुंकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? हाच पोरगा जर्मनीला निघाला तेव्हा मी त्याच्या बॅगेत आमसुलं घातली होती आणि त्याने विमानतळावरून फोन करून विचारलं होतं की ही पकडतील काय.

पण माझा नवरा भिंतीपाशीच उभा. "नि मी? दर मिरगाच्या आधी कौलांवर कोण चढतो? गळती कोण काढतो? तू नकाशात छप्पर बघतोस, मी त्या छपरावरनं दोनदा पडलोय."

"आणि मला बाबांनी शिकवलं, नोकरीला लावलं," मनाली म्हणाली, "पण घराचं नाव निघालं की मी परकी. बोलत नाही म्हणून काय, मला कळत नाही?"

तिघंही खरं बोलत होती. ऐकता ऐकता मला तिघांची कीव आली, आणि त्या कीवेच्या मागोमाग असा संताप आला की कानशिलं तापली. बावीस वर्षं त्या घरात मी आहे. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात त्यांचं अंथरूण मी बदललं. सासूबाई सीताबाई माझ्या मांडीवर गेल्या. ओटी, पडवी, मागची मोरी, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं आहे. आणि एवढ्या भांडणात, नकाशापासून कौलांपर्यंत सगळं निघालं, पण एकाच्याही तोंडी माझं नाव नाही. माझा अर्ज हातचा चाललाय हेसुद्धा तिघं विसरली होती.

मी पिशवीतून पाकीट काढलं. बचत गटाच्या पापड-सरबतातला माझा वाटा, दोन वर्षांचा. शिलाई मशीन घ्यायचं म्हणून ठेवला होता. नोटा भाऊसाहेबांच्या डब्याशेजारी ठेवल्या.

"मोजून घ्या. अकराच्या अकरा वर्षं. चारी बाबी. दिवाबत्तीसकट."

भाऊसाहेबांनी पैसे मोजले, पावती पुस्तक ओढलं आणि सवयीने विचारलं, "हस्ते?"

"आम्रपाली अमरदीप तांबे."

त्यांनी पेन थांबवलं आणि माझ्या नवऱ्याकडे बघितलं.

"त्यांच्याकडं काय बघताव?" मी म्हटलं. "पैशे माझ्या हातातनं आलेत. लिवा."

"आगो," माझा नवरा म्हणाला, अगदी निर्मळ मनाने, जसं मीठ कुठे आहे विचारावं तसं, "पण तुझा काय संबंध?"

एवढं मात्र मला सहन झालं नाही.

"माझा काय संबंध? अमरदीप तांबे, त्या घराची चूल माझ्या हातनं पेटली नाय असा एक दिवस दाखवा. तुमी तिघं अकरा वर्षं त्या घराचे मालक व्हायला भांडताव. एकाला तरी ठावं हाय काय, मोरीचा पायप कंच्या भिंतीत हाय? राकेश, तुझ्या खोलीच्या खिडकीची काच फुटल्येय ती कधी, माहीत हाय? मनाली, तुळईला वाळवी लागली तेव्हा औषध कोणी मारलं? मी नाव लावा म्हणून कधी बोलले नाय. पण संबंध काय म्हणून मला विचारायचं नाय. तो पंजा काढा भिंतीवरनं, नि गाडी चालू करा."

त्याने पंजा काढला. मनालीच्या खिडकीतले काका पासबुक हातात घेऊन आत डोकावत होते, त्यांनाही पुढचं ऐकायचं असावं. भाऊसाहेबांनी पावती फाडली, दाखल्यावर सही केली, शिक्का मारला, आणि मग डबा उघडला.

दापोलीपर्यंत माझ्या नवऱ्याने गाडी अशी हाकली की वाटेत दोन कोंबड्या जेमतेम वाचल्या. तहसील कचेरीचं दार लावायच्या बेतात होते. मी आत घुसले, सतरा कागद दिले, सतराच्या सतरा बरोबर निघाले. दुसऱ्या दिवशी छाननीत अर्ज पास झाला. बचत गटाच्या बायकांनी पेढे वाटले आणि मी रडले. निवडून आले ते पुढे, तेवीस मतांनी. पण तो आनंदसुद्धा या आनंदाएवढा झाला नाही.

पावती मी कपाटात साडीच्या घडीत ठेवली आणि मला वाटलं, मिटलं प्रकरण. पण आत्मारामकाकांची ती सुपारी तिघांच्या पोटात किती खोल गेली होती याचा मला अंदाज नव्हता. भाऊसाहेबांनी हजारदा सांगितलं होतं की हस्ते म्हणजे मालक नव्हे. मीही सांगितलं. कोणाचा विश्वास नाही.

त्या रविवारी माझा नवरा हातोडी घेऊन ओटीवर घुटमळत होता. मी विचारलं, काय हवंय? तो खाली बघत म्हणाला, "कॅलेंडरला खिळा मारायचा होता. हिकडं चालंल काय?" बावीस वर्षांत या माणसाने मला न विचारता भिंतीला किती भोकं पाडली असतील त्याला गणती नाही. मी म्हटलं, "जरा डावीकडं मारा." त्याने डावीकडे मारला.

मनालीने तर फोन करून विचारलं, "वहिनी, परसातल्या फणसाचे दोन फणस आम्हाला मिळतील ना या वर्षी?" दरवर्षी ती पाच नेते, न विचारता, आणि वर आमसुलं.

राकेशचा फोन आला तो त्याच आठवड्यात, दुपारचा. मी दारात भांडी घासत होते. हात पुसून फोन कानाला लावला. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला. थंडी किती आहे, ब्रुनोला काय झालंय, मुलीची शाळा. आत काहीतरी वेगळं आहे, मला कळत होतं. शेवटी म्हणाला,

"वहिनी, मे महिन्यात यायचं म्हणतोय. पोरीला घेऊन. म्हणजे ... चालेल का? तीन आठवडे राहू ना घरी?"

तो थट्टा करत नव्हता. इंजिनिअर माणूस, कुत्र्याचीसुद्धा पट्टी भरणारा, तो स्वतःच्या बापाच्या घरात राहायला माझी परवानगी मागत होता, आणि मी नाही म्हणाले तर काय, या भीतीने त्याचा आवाज लहान झाला होता. मला हसू आलं आणि हुंदकाही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे नीट काहीच बाहेर पडेना.

"वहिनी? आहेस ना?"

"हाय रे," मी म्हटलं. "तुझ्या खोलीत पापडाची पिंपं ठेवलीत, ती हलवते. काच बसवून घेते. नि पाखाडीवर कोणी विचारलं, कोणाकडं आलाव, तर सांग, माझ्याकडं आलोय."

तिकडून त्याने नाक शिंकरल्याचं ऐकू आलं.

"हां, सांगतो," तो म्हणाला.